हेडरमध्ये व्हेरिएबल लिहायला सांगू नका

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत सी भाषेवर जे सदर चालू आहे, त्यातला ग्लोबल व्हेरिएबलवरचा (म्हणजे प्रोग्रामच्या सगळ्या भागांना वापरता येणाऱ्या, किंमत ठेवायच्या जागेवरचा) भाग वाचून हे पत्र लिहिते आहे. सदराबद्दल तक्रार नाही. आमच्या बडोद्यात मराठी घरांतली मुलं शाळा गुजरातीत, कॉलेज इंग्रजीत आणि भांडणं मराठीत अशी वाढतात. आजीकडे येणाऱ्या पेपरात त्यांना संगणकाचं काही वाचायला मिळतं, हेच पुष्कळ आहे. पण या भागातला एक सल्ला मुलांनी गिरवला तर त्यांची सबमिशनच्या आदली रात्र वाया जाणार, म्हणून राहवत नाही.

एकच व्हेरिएबल दोन-तीन सोर्स फाइलींत वापरायचं असेल तर ते हेडर फाइलमध्ये (अनेक फाइलींना लागणाऱ्या सामाइक ओळींच्या फाइलीत) लिहावं आणि ती हेडर सगळीकडे इन्क्लुड करावी, असं लेखकांनी सांगितलं आहे. उदाहरणात हेडरमध्ये एक ओळ आहे, 'इंट एकूण;' (म्हणजे 'एकूण' नावाचं पूर्णांकाचं व्हेरिएबल), आणि दोन सी फाइली ती हेडर ओढून घेतात. (छापायला सोपं जावं म्हणून कोड देवनागरीत लिहिते आहे. संगणकावर तो अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा.)

मी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, फर्मवेअर (यंत्रांतल्या चिपमध्ये बसणारे प्रोग्राम) लिहायची नोकरी केली. आता दांडिया बाजारातल्या घरी इंजिनिअरिंगच्या मुलांना सी शिकवते. त्यांतल्या एका मुलीने आपल्या पेपरातलं उदाहरण कॉलेजच्या लॅबमध्ये टाइप केलं, ते चाललं. घरी लॅपटॉपवर तोच कोड चालेना. "मॅडम, पेपर चुकलाय की माझा लॅपटॉप?" असं विचारत ती आली. लॅबमध्ये लिनक्सची उबुंटू १८.०४ ही आवृत्ती होती, म्हणजे कंपायलर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) जीसीसी ७. तिच्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४, म्हणजे जीसीसी ११. पडद्यावर 'मल्टिपल डेफिनिशन ऑफ एकूण', त्याच ओळीत पुढे 'फर्स्ट डिफाइन्ड हिअर' आणि सर्वांत खाली 'एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस'. मुलं नेमकी ही शेवटची ओळ इंटरनेटवर शोधत बसतात. त्या ओळीत काहीही माहिती नसते. लिंकरचं, म्हणजे वेगवेगळ्या फाइली जोडून एक प्रोग्राम करणाऱ्याचं, काम फसलं, एवढंच ती सांगते. का फसलं ते वरच्या ओळीत असतं.

लॅपटॉप चुकलेला नाही. इन्क्लुड म्हणजे हेडरमधला मजकूर जसाच्या तसा सी फाइलीत चिकटवणं. कंपायलर एका वेळी एकच सी फाइल बघतो, तिची ऑब्जेक्ट फाइल (यंत्राच्या भाषेतला तुकडा) करतो आणि ती विसरून पुढची घेतो. दोन सी फाइलींनी ती हेडर घेतली की दोन्हींत 'इंट एकूण;' ही ओळ आली. फंक्शनच्या बाहेर, 'एक्स्टर्न' (जागा दुसरीकडे आहे असं सांगणारा शब्द) न लावता आणि किंमत न देता लिहिलेल्या अशा ओळीला सीचं स्टँडर्ड टेंटेटिव्ह, म्हणजे तात्पुरती, डेफिनिशन म्हणतं. डेफिनिशन म्हणजे व्हेरिएबलला जागा देणारी ओळ. त्या फाइलीत शेवटपर्यंत पक्की डेफिनिशन सापडली नाही, तर हीच शून्य किंमतीची डेफिनिशन धरायची, असा नियम आहे. म्हणजे 'एकूण'साठी दोन्ही ऑब्जेक्ट फाइलींत आपापली जागा तयार झाली. त्या जोडायला बसलेल्या लिंकरने कोणती खरी मानायची?

मग लॅबमध्ये कसं चाललं? जुन्या युनिक्स कंपायलरांची एक सवय होती. किंमत न दिलेलं असं व्हेरिएबल ते थेट जागा न देता 'कॉमन' या खात्यात टाकत. हे नाव फोरट्रान या जुन्या भाषेतल्या कॉमन ब्लॉकवरून आलं. लिंकर एका नावाच्या सगळ्या कॉमन नोंदी एकत्र करून एकच जागा देई. जीसीसीनेही ही सवय वर्षानुवर्षं जपली आणि मे २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० पासून सोडली. तेव्हा लिनक्सवरचे कितीतरी जुने प्रोग्राम एकाएकी लिंक होईनासे झाले, आणि बहुतेकांचं दुखणं अगदी आपल्या लेखातल्यासारखंच होतं. स्टँडर्डने या सवयीची हमी कधीच दिली नव्हती. परिशिष्टात 'अनेक कंपायलरांत आढळणारी जास्तीची सोय' अशी तिची नोंद आहे, बस. गंमत म्हणजे लेखकांनी 'इंट एकूण = ०;' असं लिहिलं असतं, तर उदाहरण लॅबमध्येही पडलं असतं, कारण किंमत दिली की कॉमनचा मार्ग बंद होतो. ते चाललं ते निव्वळ किंमत द्यायची राहिली म्हणून.

इथे मुलं हमखास म्हणतात, "बेन, गार्ड तो मूक्यो ज छे ने!" (गार्ड तर घातलाच आहे ना!) इफ-एनडेफ, डिफाइन, एंडिफ या तीन ओळींचा गार्ड. तो हवाच, पण एकाच सी फाइलीत हेडर दोनदा शिरू नये एवढ्यापुरताच त्याचा उपयोग. दुसरी सी फाइल कंपाइल होताना पहिलीतलं काहीच शिल्लक नसतं, गार्डसुद्धा नव्याने सुरू होतो. त्यामुळे या चुकीवर गार्डचा काडीचा उपयोग नाही.

बरोबर पद्धत छोटी आहे. हेडरमध्ये 'एक्स्टर्न इंट एकूण;' लिहायचं. कोणत्या तरी एकाच सी फाइलीत 'इंट एकूण = ०;' लिहायचं. आणि ज्या ज्या फाइलीला 'एकूण' लागतं, तिने ती हेडर घ्यायची. वास्तुशांतीच्या पत्रिका दोनशे घरी गेल्या तरी घर एकच बांधलेलं असतं. एक्स्टर्न म्हणजे पत्रिका, कितीही वेळा लिहा. जागा मात्र एकाच फाइलीने द्यायची. काही मुलं हेडरमध्ये 'एक्स्टर्न इंट एकूण = ०;' लिहितात. किंमत दिल्याबरोबर ती डेफिनिशन होते आणि एक्स्टर्न नुसतं शोभेला उरतं. जीसीसी त्यावर इशारा देतो, पण इशारे वाचायची सवय कोणाला आहे?

बहुतेक पुस्तकी उत्तरं इथेच थांबतात. पुढचं मला कारखान्याने शिकवलं. ज्या फाइलीत डेफिनिशन आहे, तिनेसुद्धा तीच हेडर इन्क्लुड केली पाहिजे. वरवर पाहता गरज वाटत नाही, व्हेरिएबल तिथेच तर आहे! पण ती हेडर तिथे नसेल, तर पत्रिकेवरचं आणि घराचं जुळतं की नाही हे तपासणारं कोणीच उरत नाही. कंपायलरला दोन फाइली एकत्र दिसत नाहीत. सीचा लिंकर फक्त नावं जुळवतो, प्रकार बघत नाही. एका फाइलीत इंट आणि दुसरीत डबल (दशांश आकड्यांचा प्रकार) असेल तरी तो चूपचाप जोडून देतो.

आम्ही प्लास्टिक एक्स्ट्रूडरसाठी टेम्परेचर कंट्रोलर करत होतो. आत एटीमेगा ८ ही चिप, तिची रॅम जेमतेम १ केबी, म्हणजे १०२४ बाइट. त्यात प्रत्येक बाइट वाचवायची धडपड. अशाच धडपडीत कोणीतरी मुख्य फाइलीतलं 'इंट सेट_तापमान;' बदलून 'अनसाइन्ड चार सेट_तापमान;' केलं होतं ('चार' म्हणजे कॅरॅक्टर, एका बाइटचा प्रकार). तापमान २५५ च्या वर जाणार नव्हतं, तेव्हा एका बाइटमध्ये ते मावत होतं. विचार चुकीचा नव्हता. पण डिस्प्लेच्या फाइलीत वरच्या बाजूला हाताने लिहिलेली एक ओळ होती, 'एक्स्टर्न इंट सेट_तापमान;', आणि ती तशीच राहून गेली.

कंपाइल झालं, लिंक झालं, टेबलावर चाललं. माल गेला. मग तक्रार आली, सेट तापमान १८० ठेवलंय, पण मधूनच डिस्प्लेवर ४३६ येतं. हीटर मात्र बरोबर चालत होता. मुख्य फाइल तापमान नीट वाचत होती, चुकत होता तो फक्त डिस्प्ले. पहिला संशय वायरिंगवर गेला. मग शेजारच्या मोठ्या मोटारीच्या इलेक्ट्रिकल नॉइजवर. मग डिस्प्लेचं कार्डच बदललं. हार्डवेअरवाले आणि आम्ही एकमेकांकडे बोटं दाखवत होतो. टेस्टिंगला एक वयस्क गुजराती गृहस्थ होते, त्यांना सी येत नव्हतं. त्यांनी वहीत ४३६ खाली १८० मांडले, वजाबाकी केली आणि म्हणाले, "बसो छप्पन." दोनशे छप्पन! मग कोड उघडून बघायला किती वेळ लागणार?

त्या चिपवर इंट दोन बाइटचा असतो आणि कंपायलर खालचा बाइट आधी ठेवतो. डिस्प्लेची फाइल सेट तापमानाचा एक बाइट आणि शेजारचा दुसरा असे दोन मिळून एक आकडा वाचत होती. शेजारचा बाइट होता अलार्मच्या फ्लॅगचा. अलार्म बंद असताना तिथे ०, म्हणून १८० बरोबर दिसे. अलार्म लागला की तिथे १, आणि वरच्या बाइटमधला १ म्हणजे २५६. १८० अधिक २५६, ४३६. म्हणून ते आकडे 'मधूनच' येत होते. आम्ही अलार्म वाजवून टेबलावर तपासलंच नव्हतं.

ती हाताची ओळ काढली, एक्स्टर्न हेडरमध्ये नेलं आणि ती हेडर दोन्ही फाइलींत घेतली. हेडरमध्ये जुना इंट होता. कंपाइल करताच 'कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स' हा एरर आला. वायरिंग, मोटार आणि कार्ड तपासून जे सापडलं नाही, ते कंपायलरने सांगितलं. फक्त त्याच्यासमोर दोन्ही ओळी एकाच वेळी यायला हव्या होत्या. तेव्हापासून सी फाइलीत हाताने लिहिलेलं एक्स्टर्न दिसलं की मला चैन पडत नाही.

याच जातीचा दुसरा प्रकार मुलांच्या प्रोजेक्टांत नेहमी दिसतो. एका फाइलीत 'चार नाव[२०];' आणि दुसरीत 'एक्स्टर्न चार *नाव;'. ॲरे (ओळीने ठेवलेल्या किंमती) आणि पॉइंटर (जागेचा पत्ता) सारखेच, असं कोणीतरी वर्गात सांगितलेलं असतं. इथे दुसरी फाइल नावातली पहिली अक्षरंच पत्ता समजून वाचते आणि प्रोग्राम जागीच आपटतो. लिहायला हवं होतं 'एक्स्टर्न चार नाव[];'.

जुन्या युनिक्स प्रोग्रामांत लोक 'एक्स्टर्न इंट एर्रनो;' असं हाताने लिहीत (एर्रनो म्हणजे शेवटच्या एररचा क्रमांक). पुढे थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी कामं) आले, प्रत्येक थ्रेडला आपापला एर्रनो हवा झाला, आणि लिनक्सच्या लायब्ररीत तो साधा ग्लोबल इंट उरला नाही. ज्यांनी त्याची ठरलेली हेडर घेतली होती, त्यांना या बदलाचा पत्ताही लागला नाही. हाताने लिहिणाऱ्यांचे प्रोग्राम मात्र लिंक होताना अडकले.

'मल्टिपल डेफिनिशन'चा एरर घालवायला मुलांनी शोधलेला एक उपाय आहे, आणि तो एररपेक्षा वाईट आहे. हेडरमध्ये 'स्टॅटिक इंट एकूण;' लिहायचं. एरर जातो, मुलं खूश. स्टॅटिकमुळे नाव त्या त्या फाइलीपुरतं राहतं, म्हणजे प्रत्येक सी फाइलीला तिचं स्वतःचं वेगळं 'एकूण' मिळतं. एक फाइल त्यात गुण मिळवत जाते, दुसरी छापताना शून्य छापते. कुठे एरर नाही, बहुतेक वेळा इशाराही नाही. अशी चूक शोधायला फार वेळ जातो, कारण माणूस बेरजेच्या कोडमध्येच चूक शोधत राहतो.

यावर माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी एनएम, म्हणजे ऑब्जेक्ट फाइलीतली नावं दाखवणारा प्रोग्राम, चालवायला लावते. लिनक्सवर ऑब्जेक्ट फाइलींना एनएम लावलं की प्रत्येक नावापुढे एक अक्षर येतं. 'यू' म्हणजे हे नाव मला हवंय पण माझ्याकडे नाही. 'डी' म्हणजे माझ्याकडे आहे, किंमतीसकट. 'बी' म्हणजे आहे, किंमत शून्य. 'सी' म्हणजे जुन्या पद्धतीचं कॉमन. यातलं 'डी' किंवा 'बी' अक्षर लहान लिपीत दिसलं, तर नाव स्टॅटिक आहे, बाहेरच्यांना दिसत नाही. सगळ्या फाइलींत मिळून 'एकूण'पुढे मोठं 'बी' किंवा 'डी' एकदाच यायला हवं, बाकी सगळीकडे 'यू'. दोनदा आलं तर मल्टिपल डेफिनिशन, एकदाही नाही आणि नुसतं 'यू' तर 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. लहान 'बी' दोन फाइलींत दिसलं की वरचा स्टॅटिकचा घोळ. फळ्यावर तासभर सांगून जे कळत नाही, ते मुलांना या अक्षरांत दिसतं. निदान मला तरी दुसरा मार्ग सापडलेला नाही.

आता खरं तर आधी विचारायला हवा असा प्रश्न: हे व्हेरिएबल सगळ्यांना वाटायलाच हवं का? बहुतेक वेळा नको. 'एकूण' ज्या फाइलीचं आहे, तिथे ते स्टॅटिक ठेवा, हेडरमध्ये नव्हे, आणि बाहेरच्यांसाठी दोन फंक्शनं द्या, 'गुण_मिळव' आणि 'एकूण_सांग'. मग चुकीची किंमत आली तर कोणी टाकली हे बघायला एकच फाइल उघडावी लागते. छोट्या चिपवर काम करणारे म्हणतील, फंक्शन कॉलला वेळ जातो. जातो, काही ठिकाणी ते खरंही आहे. इंटरप्ट (चालू काम थांबवून मध्येच शिरणारं काम) आणि मुख्य लूप यांच्यात वाटलेला काउंटर तर ग्लोबलच राहतो. पण मग त्याला व्होलाटाइल (किंमत मध्येच बदलू शकते, असं कंपायलरला सांगणारा शब्द) लावा आणि हेडरमधल्या एक्स्टर्नलाही लावा. आठ बिटांच्या चिपवर दोन बाइटचा आकडा दोन वेळा करून वाचला जातो, तेव्हा वाचण्यापुरते इंटरप्ट बंद ठेवा. हा वेगळा विषय आहे, एवढ्यावर सोडते.

गाड्यांच्या सॉफ्टवेअरसाठी मिस्रा सी नावाची नियमावली आहे, तिची पहिली आवृत्ती १९९८ ची. २०१२ च्या आवृत्तीत स्पष्ट म्हटलं आहे, बाहेर दिसणाऱ्या व्हेरिएबलची डिक्लरेशन (ते आहे एवढंच सांगणारी, एक्स्टर्नची ओळ) एकाच फाइलीत एकदाच असावी, डेफिनिशन नेमकी एक असावी, आणि डेफिनिशनच्या जागी ती डिक्लरेशन दिसत असावी. आमच्या टेम्परेचर कंट्रोलरला मिस्रा कोणी मागितलं नव्हतं, पण शेवटचा नियम वाचला तेव्हा ४३६ आठवलेच.

मुलांची फारशी चूक नाही. काही कॉलेजांत आजही टर्बो सी या जुन्या कंपायलरची निळी खिडकी डॉसबॉक्समध्ये (जुने डॉसचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडून सी शिकवतात. टर्बो सीची पहिली आवृत्ती १९८७ ची, सीचं पहिलं स्टँडर्ड १९८९ चं. त्या खिडकीतही प्रोजेक्ट नावाचा मेनू आहे, अनेक फाइली जोडायला, पण तो कोणी उघडून दाखवत नाही. सगळे प्रोग्राम एका फाइलीत, परीक्षेत 'खालील प्रोग्रामचं आउटपुट काय', आणि लिंकरशी ओळख थेट शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये. मग मुलं एका सी फाइलीत दुसरी सी फाइलच इन्क्लुड करून मोकळी होतात. चालतं ते! आणि चालतं म्हणून तेच कायम होतं. याच शहरात सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, तिथे रंगकाम, विणकाम हाताने करून शिकवत, दादासाहेब फाळके तिथे फोटोग्राफी शिकले. प्रोग्रामिंगही करून शिकायचं काम आहे. पहिल्या वर्षी एक असाइनमेंट दोन सी फाइली आणि एका हेडरची द्यावी, आणि कंपायलरचा एरर मुद्दाम आणून तो वाचायला लावावा. त्याला ना नवा अभ्यासक्रम लागतो, ना नवी लॅब.

आपल्याला विनंती एवढीच. पुढच्या भागात दुरुस्ती छापावी आणि उदाहरण तीन फाइलींचं द्यावं: एक हेडर, डेफिनिशनची एक सी फाइल, वापरणारी दुसरी, आणि दोन्ही सी फाइलींत हेडरची ओळ दिसू द्यावी. लॅबमध्ये जुनं जीसीसी असणाऱ्या मुलांसाठी 'वॉल' (इशारे दाखवणारा) आणि 'एफ-नो-कॉमन' (कॉमनची सवय बंद करणारा) हे दोन पर्याय कंपाइलच्या ओळीत लिहायला सांगावं, म्हणजे चूक लॅबमध्येच सापडेल, घरी जाईपर्यंत थांबावं लागणार नाही. आणि छापण्याआधी कोड कोणाकडून तरी चालवून घ्यावा. या वेळच्या उदाहरणात प्रिंटएफच्या ओळीला अर्धविरामही नव्हता, तो टाइप करताना स्वतः घालावा लागला.

आपली,
एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदे